ढकलण्याचा जोर

“ताई, ती बाई बारीक व्हवाले नही येस. तिनी खोलीले मझारतून कडी नही शे.”

भिकुबाई हे बोलली तेव्हा तिच्या हातात आमची कढई होती आणि माझ्या कडेवर बाळ. भिकुबाई अमळनेरकडची. आमच्याकडे आणि खालच्या मजल्यावर घरमालकांकडे, दोन्ही घरी भांडी घासायची. घरमालकांची बायको धनकुंवर रोज माझ्याकडे व्यायामाला यायची. ती काही सडपातळ होण्यासाठी येत नाही, तिच्या खोलीच्या दाराला आतून कडीच नाही, असं भिकुबाई मला सांगत होती.

मी म्हटलं, “जुनं घर आहे, भिकुबाई. आमच्या मोरीची कडी तरी कुठे धड लागते?”

“तुम्हनी मोरीनी कडी गंजनी. तिनी काढेल शे. चार भोकं शेतस बठ्ठी उघडी.”

“असेल काढलेली. कढईला राख कमी लावा. चरे पडतात,” मी म्हणाले आणि बाळाला घेऊन आत गेले.

धनकुंवरला मी जानेवारी पंच्याण्णवपासून पाहिलेलं नाही. माझ्या ओळखीच्या कुणीच पाहिलेलं नाही. ती जिवंत आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून हे सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे. माझी चूकही त्यात येईल.

आम्ही तेव्हा जळगावला सुगनचंद शेठच्या घरात भाड्याने राहत होतो. खाली त्यांचं भांड्यांचं दुकान. पहिल्या मजल्यावर शेठ, त्यांची आई झमकूबाई आणि धनकुंवर. दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं. शेठ चाळिशीला आलेले, धनकुंवर तेवीस-चोवीसची. तिच्या आधी शेठची एक बायको वारलेली होती. ‘आजाराने गेली’ एवढंच मला घर घेताना कुणीतरी सांगितलं होतं, आणि मीही पुढे विचारलं नव्हतं.

व्यायामाचं मशीन आलं ते चौऱ्याण्णवच्या दसऱ्याच्या सुमारास. सुरतच्या प्लेगची धास्ती अजून गेली नव्हती. लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडत होते, आणि आमचे हे भुसावळच्या पार्सल ऑफिसातून जालंधरचं लोखंड सोडवून टेम्पोत घालून आणत होते. हे बँकेत कॅशला. बसून बसून पोट सुटलं म्हणून कुठल्याशा मासिकातली जाहिरात बघून ‘होम जिम’ मागवलं. चार हमालांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवलं. जोडून झाल्यावर आमची पुढची खोली संपलीच. मागे पाच-पाच किलोच्या दहा लोखंडी पाट्या एकावर एक. ज्या पाटीत पिन खोचाल तेवढं वजन वायरीला लागणार. पुढे बसायची गादी. छातीसमोर दोन मुठी, त्या पुढे ढकलायच्या. डोक्यावर एक दांडा, तो खाली ओढायचा.

यांनी बरोबर नऊ दिवस व्यायाम केला. दहाव्या दिवसापासून डोक्यावरच्या दांड्यावर बाळाची दुपटी वाळायला लागली.

“पितांबर पैलवान, आज तालीम नाही का?” मी विचारायची.

“अंग दुखतंय. आधी ते बरं होऊ दे,” हे म्हणायचे. ते बरं झालंच नाही.

शेवटी ते मशीन मी सुरू केलं. बाळंतपण सिझेरियनचं झालं होतं. पाण्याची कळशी उचलली की कमरेतून कळ यायची. एकदा तर बाळाला पाळण्यातून काढताना अशी चमक भरली की तो हातून सुटता सुटता राहिला. त्या दिवसापासून मला तीच स्वप्नं पडायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, “नुसतं शेकून पाठ बरी व्हायची नाही. तिला थोडं थोडं काम द्या.” मशीनबरोबर इंग्रजीतलं एक माहितीपत्रक होतं. मी धुळ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. प्रॅक्टिकलची वही वाचावी तसं ते वाचून काढलं. हलक्या वजनाने सुरुवात करा. ढकलताना श्वास सोडा, परत आणताना घ्या. कोपर पूर्ण ताठ करू नका. बारा वेळा सहज जमलं तरच पुढची पाटी. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. मी पहिल्या दिवशी दोनच पाट्या लावल्या. दहा किलो. आठव्या वेळी हात थरथरायला लागले आणि मला हसू आलं.

मला भीती होती ती पाट्यांची. उचललेल्या पाट्या खाली येताना मधे बाळाचं बोट सापडलं तर? बाळ तेव्हा रांगायचा. मी जुन्या साडीचा पट्टा करून त्याला पलंगाच्या पायाला बांधून ठेवायची आणि दर वेळी मूठ ढकलताना मान वळवून बघायची. यांनी नाव ठेवलं होतं, ‘सीआयडी’. खरंच होतं ते. माझं लक्ष सगळीकडे असायचं. गॅसची नळी, माडीचा कठडा, दुधावरची माशी, सगळीकडे.

धनकुंवर पहिल्यांदा वर आली ती आवाज होतो हे सांगायला.

“भाभी, सासूबाई विचारतात, वर पिठाची गिरणी टाकली का?”

मी ओशाळले. तिला मशीन दाखवलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली, डोक्यावरचा पदर दातात धरून. तिचं माहेर चोपड्याचं, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच.

“यानं काय होतं?”

“अंगात ताकद येते.”

“किती दिवसांत?”

हा प्रश्न तिनं असा विचारला, जसं दूध किती वेळात तापेल ते विचारावं. मी म्हटलं, “लिहिलंय तसं केलं तर तीन महिन्यांत फरक कळतो.” तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला ती आली. झमकूबाई रोज अकराला सामायिकाला बसायच्या. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी, न उठता, न बोलता, हातात माळ. तेवढ्या वेळात सून कुठे आहे हे त्या विचारू शकत नव्हत्या. शेठ खाली दुकानात. दुपारी एकला दुकान बंद करून जेवायला वर यायचे. धनकुंवरजवळ रोज अठ्ठेचाळीस मिनिटं होती, आणि त्यातली दोन जिना चढण्या-उतरण्यात जायची.

माझा एक बाटलीच्या रंगाचा हिरवा पंजाबी ड्रेस मी तिला दिला. साडीत मशीनवर बसता येत नाही. ती मोरीत जाऊन बदलायची आणि जाताना पुन्हा साडी नेसून जायची. ड्रेस माझ्याकडेच असायचा.

मी तिला शिकवायला लागले. मला ते आवडत होतं. कॉलेज सुटल्यापासून मला कुणी काही शिकवा म्हटलं नव्हतं. आधी हात-खांदे मोकळे करायला लावले, मग वरचा दांडा ओढायला सांगितला. तिनं चार वेळा ओढला आणि सोडून दिला.

“हे राहू दे भाभी. ओढायचं मला काम नाही. ढकलायचं तेवढं शिकवा.”

“अग, सगळं अंग सारखं तयार व्हायला हवं. तसंच लिहिलंय.”

“ते तुमच्यासाठी लिहिलं असेल.”

मी हसले. ती हसली नाही. माहितीपत्रकात म्हटलं होतं की एक दिवस विश्रांती हवी; ती ऐकेना. मी रागावले तर म्हणाली, “मग एक दिवस हात, एक दिवस पाय.” पायांचाही तिला एकच प्रकार हवा होता, पाय रोवून ढकलायचा. आणि आवाज नको. पाट्या एकमेकींवर आदळल्या की ती दचकायची, म्हणून मी पाट्यांच्या मधे गोधडीची चिंधी सरकवून दिली. मग ती इतक्या संथपणे वजन खाली आणायची की आतल्या खोलीत मला तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा. फू. मग शांतता. मग फू.

नोव्हेंबरात ती पंधरावर आली. डिसेंबरात पंचवीस. माझ्यापुढे गेली. एकदा मी बाळाला दूध पाजून बाहेर आले तर ती मशीनवर नव्हती. आमच्या पुढच्या दाराशी उभी होती. दोन्ही तळवे दारावर, उजवा पाय मागे, टाच जमिनीत रोवलेली. मला बघून हात काढले.

“काय करतेस ग?”

“फरशी घसरते भाभी. अनवाणी बरं की चप्पल घालून?”

“कशासाठी?”

“असंच.”

मी म्हटलं, अनवाणी बरं. रबरी चप्पल असेल तर आणखी बरं. असं म्हटलं मी. उत्तर येत होतं ना, मग दिलं.

भिकुबाईने कढई घासताना ते कडीचं सांगितलं ते याच सुमारास. मी चऱ्यांवरून तिलाच बोलले. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी या घरात आणते, म्हणजे आमच्या तिकडे नेत असणार, असा मी हिशेब केला.

संक्रांतीच्या आधी चार-पाच दिवस धनकुंवर आली ती वेगळीच. डोळे चमकत होते. पिन मुकाट्याने सातव्या पाटीत घातली, पस्तीस किलो, आणि बारा वेळा ढकलून दाखवलं. मग माझा हात धरून म्हणाली, “भाभी, काल दार उघडलं नाही. परवाही नाही.”

“कुठलं दार?”

“आमचं. दुपारचं.”

“अग मग सुताराला सांग. तुमच्या दुकानात इतके कारागीर येतात.”

तिनं माझा हात सोडला. म्हणाली, “हो. ते बोलावणारच आहेत सुताराला.”

आणि साडी नेसून खाली गेली.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मी हळदीकुंकू केलं. वाणाला स्टीलच्या छोट्या वाट्या, अर्थात शेठच्याच दुकानातल्या. शेठनी स्वतः निवडून दिल्या. “भाभीजी, जड बघून घ्या, वर्षानुवर्षं टिकतील.” आवाज अगदी मऊ त्यांचा. कधी कुणावर ओरडलेले मी ऐकले नाहीत.

पंधरा-सोळा बायका आल्या. बँकेतल्या, गल्लीतल्या. यांच्या हेडकॅशियरच्या मिसेस यशोदाबाई होत्या. त्या आल्या की कार्यक्रम आपोआप त्यांच्या ताब्यात जायचा. उखाणे सुरू झाले. एकेकीला पकडून नाव घ्यायला लावलं. धनकुंवर कोपऱ्यात बसली होती.

“आता शेठाणी! घ्या नाव!”

ती मान खाली घालून बसली.

“मराठीत येत नसेल तर मारवाडीत घे ग! आम्हाला काय, शेठजींचं नाव ऐकू आलं म्हणजे झालं.”

“लाजते बघा! अजून नवी नवरी!”

“का भांडण झालंय? शेठ एवढा गरीब माणूस, आणि हिला नाव घ्यायला जड!”

हशा वाढत चालला. तिच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. मला तिची कणव आली, आणि त्यात थोडी फुशारकी मिसळली. मी मोठ्याने म्हणाले, “नाव-बिव काय घ्यायला लावता तिला? ती तुम्हा सगळ्यांना एका हाताने लोटून देईल. बघायचंय?”

बायकांना तेच हवं होतं. मशीनवरची चादर ओढली गेली. धनकुंवरने माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. मला वाटलं, लाजते. दोघी-तिघींनी तिला उठवून गादीवर बसवलं. तिनं पिन तिसऱ्या पाटीत घातली आणि मुद्दाम धापा टाकत चार वेळा ढकललं.

“हात्तिच्या! एवढा जोर तर आम्ही वरवंट्यालाही लावतो,” यशोदाबाई म्हणाल्या.

आणि मी, तिची मास्तरीण, पुढे झाले. “अग, खोटं खोटं काय करतेस!” असं म्हणून मी माझ्या हाताने पिन काढली आणि सातव्या पाटीत घातली.

तिनं बारा वेळा ढकललं. साडीत, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून. बायका मोजत होत्या. दहाच्या पुढे सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मला वाटतं, तेवढा वेळ तिलाही बरं वाटलं असावं. उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. तिला तसं हसताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई त्यांच्या हळदीकुंकवाचं वाण घ्यायला शेठच्या दुकानात गेल्या, बरोबर आणखी तिघी. जिन्यात मला भेटल्या तेव्हा हसू मावत नव्हतं.

“आम्ही शेठना म्हटलं, जरा जपून राहा हं! तुमची शेठाणी पस्तीस किलो लोटते!”

“मग?”

“हसले नाहीत ग. विचारलं, कुठे शिकली? म्हटलं, तुमच्याच घरात, वरच्या मजल्यावर. अग, हातातलं पातेलं पुसत होते ते पुसतच राहिले.”

सोमवारी दुपारी एकला आमचं दार वाजलं. हे बँकेत होते. दारात शेठ. वहाणा बाहेर काढून, हात धुऊन आलेले, बाहीचं बटण लावलेलं.

“भाभीजी, मशीन बघायचं होतं. बायका फार तारीफ करतात.”

नाही कसं म्हणणार? मी बाळाला कडेवर घेतलं. ते गादीवर बसले, मुठींवरून हात फिरवला. पाट्यांमधली चिंधी बाहेर काढून बघितली आणि नीट घडी करून बाजूला ठेवली.

“कितीवर करते ती?”

“पंधरा,” मी म्हणाले. का खोटं बोलले, ते मला तेव्हा कळलं नाही. तोंडातून तसंच निघालं.

“पस्तीस म्हणत होत्या.”

त्यांनी पिन नवव्या पाटीत घातली. पंचेचाळीस. श्वास घेतला आणि मुठी पुढे ढकलल्या. सावकाश, जराही आवाज न करता. हात लांब करून तिथेच धरून ठेवले आणि माझ्याकडे बघून बोलायला लागले.

“आमच्या खोलीचं दार अडकत होतं, भाभीजी. पंधरा दिवस झाले. मला वाटलं, लाकूड फुगलं. दोन वेळा सुतार आणून रंधा मारून घेतला.”

मग वजन हळूच खाली आणलं.

“सुताराची चूक नव्हती.”

ते उठले. बाळाच्या गालाला बोट लावलं, म्हणाले, “याला सांभाळा, मशीनजवळ येऊ देऊ नका,” आणि गेले. त्यांची पावलं पहिल्या मजल्यावर थांबली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होते. दार उघडल्याचा आवाज आला. अडकलं नाही. नंतर कसलाच आवाज आला नाही.

जानेवारीत लाकूड फुगत नाही. पावसाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. चार भोकं, सुतार, रबरी चप्पल, ‘ढकलायचं तेवढं शिकवा’. तिनं मला जेवढं सांगता येईल तेवढं सगळं सांगितलं होतं, आणि मी तिच्या कोपरांचा कोन तपासत होते. तिच्याजवळ होती ती एकच गोष्ट, दार का उघडत नाही हे त्याला कळत नव्हतं. ती मी पंधरा बायकांपुढे, माझ्या हाताने पिन घालून, उघडी केली.

त्यानंतर धनकुंवर वर आली नाही. मी रोज अकराला दार उघडं ठेवून बसायची. आठव्या दिवशी, रथसप्तमीच्या आधी, वाटीत तिळाच्या वड्या घेऊन खाली गेले. शेठ दुकानात होते. झमकूबाई एकट्या, पांढऱ्या आसनावर.

“धनकुंवर?”

“पिंपळनेरला गेली. मोठ्या मुलाकडे. तिथं मोठ्या सुनेला, तिच्या जेठाणीला, बरं नाही.”

“कधी येईल?”

त्यांनी माळ खाली ठेवली. सामायिक त्यांनी बोलून मोडलीच होती; त्या बाईला तसं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“भाभी, डिसेंबरपासून मी दोन-दोन सामायिक करत होते,” त्या म्हणाल्या. “एक संपली की लगेच दुसरी धरायची. तिला घाई नको म्हणून.” मग दाराकडे बघून आवाज उतरवला. “तुम्ही बायकांना का दाखवलंत?”

मी उठून जिना चढले. वाटी तिथेच राहिली.

संध्याकाळी मी भिकुबाईला चहा दिला आणि समोर बसवलं. म्हटलं, त्या दिवशी मी ऐकलं नाही, आज सांगा. तिनं चहा बशीत ओतला, प्यायली नाही. तिची बहीण साक्रीला दिलेली. तिच्याकडून तिला कळलेलं होतं.

“पहिली बी पिंपळनेरलेच धाडेल व्हती, ताई. जेठाणीले बरं नही, आसंच सांगेल. तठेच जळनी. स्टोव्हना भडका व्हयना म्हणतस.” तिनं बशी बाजूला सारली. “तिनी बी खोलीले कडी नव्हती.”

पहिलीही तिकडेच पाठवलेली होती, हेच कारण सांगून. आणि तिथेच जळून मेली. आजाराने नाही.

यांना मी रात्रीची वाट न बघता, बँकेतून आल्या आल्या सांगितलं. मला ‘सीआयडी’ म्हणून हसणारे हे या वेळी हसले नाहीत. पण म्हणाले, “कामवाली म्हणते आणि दार अडकत होतं, एवढ्यावर पोलीस काय लिहून घेणार? तिच्या माहेरचं कुणी पुढे येतंय का बघ.” मी चोपड्याला तिच्या भावाला, इंदरचंदला, पत्र लिहिलं. सगळं नाही, पण कळेल इतकं. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. दोन ओळी. ‘धनकुंवर तिच्या घरी सुखात आहे. दुसऱ्याच्या संसारात आपण लक्ष घालू नये ही विनंती.’

मार्चमध्ये आम्ही पिंपळनेरला गेलो. जळगाव-धुळे, धुळे-साक्री, पुढे दुसरी एसटी. बाळाला ताप होता तरी नेलं. मूल कडेवर असलेल्या बाईला लोक दारातून परत पाठवत नाहीत, असा माझा अंदाज. बाजारपेठेत सुगनचंद शेठच्या मोठ्या भावाचं दुकान, तेही भांड्यांचंच, वर घर. मोठे शेठ आगत-स्वागताचे. थंड मागवलं. बाळाच्या हातात चमचा दिला.

“बहू? बहू तर माहेरी गेली. चोपड्याला. इथं चार दिवसच राहिली.”

चोपड्याचं पोस्टकार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढलं नाही. म्हटलं, बाळाचं दुपटं बदलायचंय, वर जाऊ का? ते म्हणाले, वर कुणी नाही, इथेच बदला. पण म्हणेपर्यंत मी मागच्या बोळात गेलेच होते. तिथून माडीची मागची बाजू दिसते. एक लहान खिडकी, तिला बाहेरून फळी ठोकलेली. जिन्याच्या तोंडाशी नवं कोरं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, सागवानी, अजून न बसवलेलं; त्याला कडी होती, कुलपाच्या कोयंड्याची, म्हणजे बाहेरून लावायची. आणि वर दोरीवर माझा बाटलीच्या रंगाचा हिरवा ड्रेस वाळत होता.

तो ड्रेस आमच्याकडे असायचा. तिनं शेवटच्या दिवशी साडीखाली तसाच घालून नेला असणार. मला तेव्हा कळलंही नाही.

ड्रेस ओला होता. खाली थेंब पडत होते. म्हणजे त्या दिवशी सकाळी ती होती. मी “धनकुंवर!” म्हणून हाक मारली. एकदा. खिडकीच्या फळीमागे काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात मोठे शेठ मागून आले, तसेच हसत. “भाभीजी, कुणाला बोलावता? वर नोकराणीचे कपडे आहेत.” हे माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आले. एसटीत बसेपर्यंत सोडला नाही.

साक्रीच्या चौकीत आम्ही उतरून गेलो. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. पुढे काय झालं ते आम्हाला कळवलं नाही.

मे महिन्यात यांनी धुळ्याला बदली मागून घेतली. घर सोडताना सुगनचंद शेठ टेम्पोपर्यंत आले, मशीन चढवताना हमालांना “सांभाळून, सांभाळून” म्हणत होते. धुळ्याहून पिंपळनेर जवळ, म्हणून मी बदली घ्यायला लावली होती. दिवाळीनंतर मी एकटी गेले. मला लांबून बघताच दुकानातला नोकर आत गेला आणि मोठे शेठ पायरीवर येऊन उभे राहिले. मला पायरी चढूच दिली नाही. मागच्या बोळाला आता पत्र्याचं फाटक आहे, कुलूप लावलेलं. तिच्या नावाने पाठवलेलं रजिस्टर पत्र ‘घेण्यास नकार’ असा शिक्का घेऊन परत आलं. नकार कुणी दिला, ते त्यावर लिहिलेलं नाही.

आता मला दुसरं बाळ होणार आहे, सातवा महिना आहे. डॉक्टरांनी एसटी बंद केली आहे. आणि तसंही मला तिथे सगळे ओळखतात. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले तरी फाटक बंद होतं. हे वाचणाऱ्या तुम्हाला ते ओळखत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी साक्री-पिंपळनेरकडचं असेल, किंवा तिकडे लग्नाकार्याला, बाजाराला जाणार असेल, तर एवढं करा. बाईमाणसाने जा, दोघी मिळून जा. सकाळी अकराच्या सुमारास जा. दुपारी एकनंतर जाऊ नका. बाजारपेठेतलं भांड्यांचं दुकान, वर माडी, मागे पत्र्याचं फाटक. वाणाच्या वाट्या हव्यात म्हणा. मग सहज विचारा, धाकटी सून धनकुंवर कुठे आहे. माहेरी गेली म्हणतील. ऐकू नका, ती माहेरी नाही. जळगावला म्हणतील, तिथेही नाही, झमकूबाईंनी मला तसं कळवलं आहे. तिच्या चोपड्याच्या मैत्रिणी आहोत म्हणून सांगा आणि बसून राहा. थंड दिलं तर पिऊ नका, पाहुणचार झाला की उठून जायला लागेल. ती उंचीने माझ्या खांद्याएवढी, गोरी, डाव्या भुवईत जुनी खोक आहे. दुसरी कुणी आणून उभी केली तर भुवई बघा. ती आली तर तिच्याशी काही जास्त बोलू नका, माझं नावही घेऊ नका. नुसतं बघून या की ती आहे. आणि मला धुळ्याला कळवा.